बिल्ला सगळ्यात शेवटी बघा! जुन्या ट्रकांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कोपऱ्यात एक ओळ टाकली होती की जुन्या अवजड ट्रकांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील, पण आली भरपूर, आणि निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, फक्त फोटो वेगळा: "हा कुठला ट्रक?" सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, त्यामुळे ज्यातून बाकीच्यांचंही काम होईल असे प्रश्न निवडलेत.

प्रश्न : सर, आजोबांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, एका मोठ्या ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून उभे आहेत. नेमका कंपनीच्या नावाचा बिल्ला त्यांच्या खांद्याआड गेलाय. अशा वेळी ट्रक ओळखायचा कसा, सुरुवात कुठून करायची?

उत्तर : आजोबांनी बिल्ला झाकून तुमच्यावर उपकारच केलेत, मस्करी नाही करत. बिल्ला दिसला की माणूस बाकी काही बघायचंच सोडतो, आणि बिल्ला म्हणजे काय, चार स्क्रू, दहा मिनिटांत एकाचा दुसऱ्यावर जातो. केबिनचंही तसंच. एकदा चेपली की मिळेल ती बसवतात. शिवाय कितीतरी ठिकाणी कारखान्यातून नुसती चेसिस (खालचा सांगाडा), इंजिन आणि पुढचा काऊल (बॉनेट आणि केबिनच्या मधला पत्रा) एवढंच यायचं, केबिन आणि हौदा नंतर बॉडीवाला लाकूड-पत्र्यात बनवायचा, म्हणजे एकाच कंपनीचे एकाच वर्षीचे दोन ट्रक शेजारी उभे केले तर चुलतभाऊसुद्धा वाटायचे नाहीत. म्हणून माझी पद्धत अशी की ट्रक खालून वर वाचायचा, आणि नाव सगळ्यात शेवटी.

आधी चाकं. टायर भरीव रबराचे आहेत का हवेचे? भरीव म्हणजे बाजूने बघितलं तर पातळ काळी पट्टी, फुगवटा अजिबात नाही. १९१७ साली गुडइयरने हवेच्या टायरवर ट्रक घालून अ‍ॅक्रन ते बोस्टन अशी मालवाहतूक करून दाखवली, विंगफुट एक्स्प्रेस म्हणायचे त्याला, तोवर एवढं वजन हवेच्या टायरला पेलणार नाही असंच लोक धरून चालले होते. त्यानंतरही भरीव टायर लगेच गेले नाहीत, पण फोटोत ते दिसले तर साधारण १९३० च्या अलीकडे यायची गरज नाही.

मग मागच्या चाकाकडे बघा, सायकलसारखी चेन आहे का. चेन दिसली की लोक लगेच "अरे हा तर शंभर वर्षांपूर्वीचा" म्हणतात, आणि फसतात, कारण मॅक कंपनीचा एसी मॉडेल, ज्याला बुलडॉग म्हणायचे, तो १९१६ ला आला आणि १९३० च्या दशकाच्या शेवटापर्यंत चेनवरच चालत होता, सुमारे ४०,००० बनले. याचं नाकही वेगळं, पुढे रेडिएटरच नाही, रेडिएटर इंजिनच्या मागे, त्यामुळे बॉनेट उतरतं, कोळशाचं घमेलं पालथं घातल्यासारखं. आता तुम्ही म्हणाल सापडला, उतरतं नाक म्हणजे मॅक! थांबा जरा. रेनॉच्या सुरुवातीच्या ट्रकांचं नाकही असंच होतं, त्यांचाही रेडिएटर मागे. म्हणून एका खुणेवर कधीच नाव ठोकायचं नाही, तीन खुणा एकाच नावाकडे बोट दाखवायला लागल्या की मग बोलायचं.

त्यानंतर दिवे आणि काच. दिवे ब्रॅकेटवर सुटे उभे आहेत का मडगार्डमध्ये बसवलेत, पुढची काच सपाट दोन तुकड्यांची आहे का एकसंध वळलेली, यावरून दशक लागतं. वळलेली मोठी काच असेल तर १९५० च्या आधी जायला मला धजावत नाही.

आणि स्टिअरिंग. यात तर भलेभले पडतात. स्टिअरिंग उजवीकडे म्हणजे ब्रिटिश ट्रक, असं धरून चालू नका. इटलीत आणि स्वित्झर्लंडमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तरी त्यांचे जुने अवजड ट्रक, फियाट, लान्चिया, साउरर, उजव्या स्टिअरिंगचे असायचे, कारण घाटात ड्रायव्हरला दरीची कड दिसायला हवी, समोरच्या गाडीपेक्षा भीती कडेची जास्त. याउलट एक खूण पक्की ब्रिटिश: मागे फाळक्याजवळ "२०" लिहिलेली गोल तबकडी. तिथे जड ट्रकांना ताशी २० मैलांची मर्यादा होती, १९५७ ला ती ३० झाली. फोटो मागून काढलेला असेल तर ही तबकडी आधी शोधा.

एकदा माझंही हसं झालंय. एका बंद पडलेल्या ट्रकची जाळी आणि नाक बघून मी चारचौघांत बेडफर्ड बेडफर्ड करत होतो, शेजारी एक म्हातारे मिस्त्री उभे, काही बोलले नाहीत, गुडघ्यावर बसले, खाली डोकावले आणि म्हणाले "पाटे कुणाचे, हाउसिंग कुणाचं, आणि तू तोंड बघून बारसं करतोय?" (पाटे म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, हाउसिंग म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा डबा.) चेसिस फार्गोची निघाली. तेव्हापासून मी पण आधी गुडघ्यावर बसतो, कपडे गेले तरी चालतील.

प्रश्न : आमच्या ओळखीत एक जुना ट्रक आहे, जाळीवर स्पष्ट "पर्किन्स" लिहिलंय. पण पर्किन्स नावाच्या ट्रकची माहितीच कुठे मिळेना. इतकी दुर्मिळ कंपनी आहे का?

उत्तर : अहो कंपनी दुर्मिळ नाही, उलट जगभर पसरलेली, पण ती ट्रक बनवत नव्हती! पर्किन्स म्हणजे इंजिन. १९३२ ला इंग्लंडात पीटरबरोला सुरू झाली, वेगात फिरणारी डिझेल इंजिनं ही तिची खासियत. १९३७ चं पी-६ हे सहा सिलिंडरचं इंजिन इतकं चाललं की पेट्रोलचे ट्रक डिझेल करायचे तर लोक हेच बसवायचे, आणि बसवलं की पुढे जाळीवर अभिमानाने बिल्ला. कमिन्स, गार्डनर यांचंही तसंच. तेव्हा तुमचा ट्रक डॉज, फोर्ड, बेडफर्ड यांपैकी काहीही असू शकतो. बॉनेट कुठे बिजागरीवर उघडतं, पाट्यांचे हँगर कसे आहेत, डिफरन्शियलचं हाउसिंग बघा, तिथे खरं नाव आहे.

नावाचा अजून एक घोळ यातच सांगतो. डॉज, फार्गो आणि डिसोटो हे तीन वेगळे ट्रक समजून लोक वाद घालतात. तिघं क्रायस्लरचेच, बऱ्याचदा तोच ट्रक, फक्त विकणारा डीलर वेगळा म्हणून जाळी आणि अक्षरं वेगळी.

प्रश्न : काका, जुन्या टाटा ट्रकवर पुढे मर्सिडीजचा तारा कसा काय? आणि काहींवर तसाच ट्रक पण "टी" आहे. तारा नंतर कुणी हौसेने लावला का? आणि १२१० म्हणजे काय?

उत्तर : हौसेने नाही, हक्काने. टेल्को, म्हणजे आत्ताची टाटा मोटर्स, आधी रेल्वे इंजिनं बनवणारी कंपनी. १९५४ ला डाइमलर-बेंझशी करार झाला आणि ट्रक सुरू झाले, तेव्हा तारा लावायचा अधिकार करारातच आला. १९६९ ला करार संपला, तारा गेला, टी आला. म्हणजे तारा असेल तर १९५४ ते १९६९, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात काय होतं, की ताऱ्याला जी इज्जत होती ती बघून नंतरच्या ट्रकवरही लोकांनी तारे लावलेत, तेव्हा इथेही बिल्ला शेवटी!

आता आकडे. मला मर्सिडीजच्या नंबरांचं भारी वाटतं कारण एकाच कंपनीने तीन वेळा भाषा बदलली. आधी एल ३५००, यात ३५०० म्हणजे सरळ किलो, साडेतीन टन माल. मग आले एल ३१२ वगैरे, यातल्या ३१२ चा वजनाशी काही संबंध नाही, नुसता मॉडेल नंबर. आणि १९६३ च्या सुमारास तिसरी पद्धत, जी आपल्याला माहितीय: पहिले दोन आकडे भरलेल्या गाडीचं एकूण वजन टनांत, पुढचे दोन गुणिले दहा म्हणजे अश्वशक्ती. एल १११३ म्हणजे ११ टन, १३० एचपी. एलपी १६२० म्हणजे १६ टन, २०० एचपी. टाटांनीही हीच पद्धत उचलली, १२१० म्हणजे १२ टन, १०० एचपी. हे ढोबळ असतं हां, ११२ एचपीचं इंजिन असलं तरी ११ किंवा १० च लिहिलेलं असू शकतं, आकडा गोल करतात.

आकड्यांच्या आधी जी अक्षरं असतात तीपण वाचा. एल म्हणजे जर्मनमध्ये लास्टवागन, मालट्रक. एलए असेल तर पुढची चाकंही ओढणारी, एलके म्हणजे टिप्पर, एलएस म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा ट्रॅक्टर, एलपी म्हणजे बिननाकाची केबिन. एवढं पाठ झालं की नुसत्या अक्षरांवरून अर्धा ट्रक डोळ्यासमोर उभा राहतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. काही जुन्या ट्रकना लांब नाक असतं आणि काही एकदम चपटे असतात. जुने सगळे नाकवाले आणि नवे सगळे चपटे असं असतं का?

उत्तर : शाब्बास, प्रश्न चांगलाय, आणि उत्तर "नाही". दोन्ही प्रकार फार जुन्या काळापासून शेजारी शेजारी आहेत. अगदी पहिला मोटर ट्रक म्हणतात तो गॉटलीब डाइमलरने १८९६ ला बनवला, चार अश्वशक्तीचा, दीड टन माल नेणारा, त्याला नाक होतंच कुठे, घोडागाडीला इंजिन लावल्यासारखा होता तो.

नाक असलं की इंजिन पुढे मोकळं, मिस्त्रीला उभ्याने काम करता येतं, केबिनमध्ये उष्णता आणि आवाज कमी. पण नाक जागा खातं. सरकार म्हणतं ट्रकची एकूण लांबी अमुकपेक्षा जास्त नको, मग मालक म्हणतो नाक कापा आणि ती लांबी हौद्याला द्या. म्हणजे नाक हे फॅशनपेक्षा कायद्यावर जास्त चालतं बघ. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानंतर ट्रॅक्टर-ट्रेलरची एकूण लांबी मोजायचं बंद झालं, तर तिकडे चपटे ट्रक हळूहळू कमी होत गेले आणि नाकवाले परत आले. युरोपात लांबीची मर्यादा राहिली, तिथे चपटेच राहिले.

चपट्या ट्रकची पंचाईत एकच, इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली, दुरुस्ती कशी करायची? अमेरिकेच्या व्हाइट कंपनीने १९४९ ला ३००० नावाचा ट्रक काढला, त्याची अख्खी केबिन बटण दाबून पुढे झुकायची. ब्रिटिश लेलँडने १९६४ ला एर्गोमॅटिक नावाची झुकणारी केबिन आणली. आणि मधल्या काळात बेडफर्डच्या टीके नावाच्या मॉडेलने वेगळीच शक्कल लढवली, केबिन झुकवायची भानगडच नाही, इंजिन सरळ सीटच्या मागे सरकवलं आणि दाराच्या मागे झडपा दिल्या. दाराच्या मागे उघडणारी झडप दिसली की टीके, हे वहीत लिहून ठेव.

प्रश्न : एका प्रदर्शनात रेडिएटर नसलेला जुना ट्रक बघितला, पाणी घालायचं झाकणच नाही. तिथल्या माणसाने "हवेवर थंड होतो" सांगितलं, मला खोटं वाटलं. एवढं मोठं इंजिन हवेवर?

उत्तर : खरं सांगितलं त्याने. अवजड ट्रकमध्ये हे करणारी दोन मोठी नावं, एक मॅगिरस-डॉइट्झ आणि दुसरं टाट्रा. (टाट्रा, टाटा नाही, र नीट वाचा, दर वेळी कुणीतरी चिठ्ठी पाठवतं की छपाईत चूक झालीय.)

मॅगिरस जर्मनीतल्या उल्म शहरातली. उल्मचं चर्च त्याच्या उंच मनोऱ्यासाठी प्रसिद्ध, तो मनोरा आणि एम अक्षर मिळून त्यांचा बिल्ला झालाय, टोकदार, एकदा बघितला की विसरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी डॉइट्झची हवेवर थंड होणारी डिझेल इंजिनं घातली आणि मॉडेलांना नावं दिली ग्रहताऱ्यांची, ज्युपिटर, सॅटर्न, मर्क्युर, सिरियस. पुढे जाळी असते, पण आत रेडिएटर नसून पंखा, आणि चालू झाला की इंजिनच्या आवाजावर त्या पंख्याचा घोंघावणारा आवाज चढतो. पाणीच नाही म्हणजे कडाक्याच्या थंडीत गोठत नाही, वाळवंटात उकळत नाही, होज फुटत नाही, त्यामुळे असे ट्रक जगाच्या दोन्ही टोकांना आवडले.

पण माझा जीव टाट्रावर. झेकोस्लोव्हाकियाची कंपनी, आत्ताचं झेकिया, आणि डोकं हान्स लेडविन्का नावाच्या इंजिनिअरचं. आपण ट्रक म्हटलं की दोन लांब लोखंडी गर्डर, त्यावर सगळं ठेवलेलं असं धरतो. टाट्राच्या पोटाखाली मात्र मधोमध एक जाड नळी, पाठीचा कणाच म्हणा, त्या नळीतूनच शाफ्ट जातो, आणि दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे अ‍ॅक्सल, प्रत्येक चाक आपापलं वर-खाली झुलतं. १९२३ च्या छोट्या मोटारीत ही कल्पना आधी आली, मग ट्रकमध्ये. टाट्रा १११ हा १९४२ ते १९६२ बनत होता, बारा सिलिंडरचं व्ही इंजिन, १४.८ लिटर, आणि तेही हवेवर थंड होणारं!

ओळखायची खूण तर फारच सोपी. रिकामा टाट्रा उभा असला की त्याची चाकं वरून बाहेर आणि खालून आत अशी तिरकी दिसतात, गुडघे बाहेर काढून उभं राहिल्यासारखी. माल भरला की सरळ होतात. लांबून, धुक्यात, मागून, कुठूनही ओळखता येतो. लोक विचारतात "अ‍ॅक्सल मोडलाय का?" नाही मोडला, रिकामाय.

प्रश्न : मी एक जुना ट्रक दुरुस्त करायला घेतलाय. इंजिनच्या ब्लॉकवर इतके आकडे आहेत की डोकं फिरलं. यातला इंजिन नंबर कुठला, वर्ष कुठलं?

उत्तर : आधी बोट फिरवून बघा. जे आकडे उठावाचे आहेत, म्हणजे बोटाला वर आलेले लागतात, ते ओतकामातच आलेत, ते साच्याचे. जे खोलगट आहेत ते पंचने ठोकलेत, ते त्या एकाच नगाचे. हा फरक कळला की अर्धी लढाई जिंकली, कारण नवखा माणूस हमखास साच्याचा नंबर घेऊन फिरतो आणि त्याला इंजिन नंबर समजतो, तो नंबर तर हजारो ब्लॉकांवर सेम असतो, वर्षानुवर्षं एकच साचा चालायचा.

उठावाच्या आकड्यांत एक छोटी गंमत असते, ओतल्याची तारीख. जनरल मोटर्सच्या जुन्या ब्लॉकांवर बघा, आधी एक अक्षर, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं एलपर्यंत, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. "सी १५ ७" असेल तर १५ मार्च, आणि साल सातने संपणारं. आता १९४७ का ५७ का ६७, हे तारीख सांगणार नाही, ते साच्याच्या नंबरावरून आणि मॉडेलवरून ठरवायचं.

मग एवढ्यावर थांबू नका. ब्लॉक, गिअरबॉक्सचं कव्हर, मागचं हाउसिंग, जिथे जिथे तारीख मिळेल तिथली कागदावर लिहा. ओरिजिनल जोडणीत या सगळ्या तारखा ट्रक बनला त्याच्या थोड्या आधीच्या असतात, काही आठवडे, काही महिने, स्वाभाविक आहे, सुटे भाग आधी ओतणार मग जोडणार. पण हाउसिंग ५८ चं आणि ब्लॉक ६४ चा निघाला तर इंजिन बदललंय, सरळ हिशेब. यात वाईट काही नाही, ट्रक कामाची वस्तू आहे, इंजिन बदलणारच, फक्त विकणारा "सगळं मूळचं" म्हणत असेल तर हा कागद त्याच्यापुढे ठेवा.

चेसिस नंबर बहुतेक वेळा पुढच्या भागात गर्डरवर ठोकलेला असतो, पुढच्या पाट्याच्या हँगरच्या आसपास बघा, आणि केबिनमधली पत्र्याची प्लेट वेगळी. सतरा अक्षरांचा सगळीकडे एकसारखा नंबर ही गोष्ट नवी आहे, अमेरिकेत ती १९८१ पासून सक्तीची झाली, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली मोडी लिपी. तेव्हा सतरा अक्षरं मोजत बसू नका. नंबर वाचायला ग्राइंडर कृपा करून लावू नका, एकदा घासला की गेला, पुढे कागदपत्रांचा त्रास तो वेगळाच. रॉकेलने ग्रीस काढा, हाताने हलका तारेचा ब्रश, मग खडू आडवा धरून फिरवा, आणि रात्री बॅटरी बाजूने मारा, समोरून नाही. बाजूच्या उजेडात पुसटलेला आकडाही सावली टाकतो.

प्रश्न : नुसत्या आवाजावरून ट्रक ओळखणारी माणसं असतात, ते खरंच जमतं का दंतकथा?

उत्तर : सगळे नाही, पण काही इंजिनं इतकी वेगळी आहेत की एकदा ऐकलं की झालं. ब्रिटिश कॉमर ट्रकचं टीएस-३ बघा, १९५४ ला आलं, तीन सिलिंडर पण पिस्टन सहा! एका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर, मध्ये स्फोट, सिलिंडर हेड हा प्रकारच नाही. सव्वातीन लिटरचं छोटं टू-स्ट्रोक डिझेल, पण आवाज असा तडतडणारा की ड्रायव्हर लोक "नॉकर"च म्हणायचे.

दुसरं डेट्रॉइट डिझेलचं ७१ मालिकेतलं, १९३८ चं. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घन इंचाचा. हेही टू-स्ट्रोक, दर फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो, त्यामुळे इंजिन फिरतंय त्याच्या दुप्पट वेगाने फिरतंय असं कानाला वाटतं, किंचाळल्यासारखं. सोव्हिएत याआझ-२०० आणि माझ-२०० ट्रकमध्ये याच्याच चार सिलिंडरच्या भावाची नक्कल होती, त्यामुळे तेही त्याच कुळातलं ओरडतात.

आणि याच्या बरोबर उलटं गार्डनर. शांत, संथ, आजोबा जिना चढतायत असं. ४एलडब्ल्यू, ५एलडब्ल्यू, ६एलडब्ल्यू, सुरुवातीचा आकडा म्हणजे सिलिंडर, प्रत्येक सिलिंडर १.४ लिटरचा, गुणाकार करा आणि इंजिन किती लिटरचं ते तुम्हीच सांगा. पाच सिलिंडरचं इंजिन ट्रकमध्ये विचित्र वाटतं, पण ते चाललं.

प्रश्न : मॅमथ, मॅटाडोर, हिप्पो, ऑक्टोपस, ही ट्रकची नावं आहेत की प्राणिसंग्रहालय?

उत्तर : हाहा, दोन्ही. लेलँड प्राण्यांची नावं द्यायची, बीव्हर, बायसन, हिप्पो, आणि आठ चाकांचा म्हणून ऑक्टोपस, डोकं लावलंय की नाही. एईसी ही दुसरी ब्रिटिश कंपनी मात्र एम अक्षराला चिकटून, मॅमथ, मॅटाडोर, मर्क्युरी, मोनार्क, मॅन्डेटर, मिलिटंट. १९६२ ला एईसी लेलँडकडे गेली आणि पुढे केबिन सामाईक झाली, म्हणजे १९६४ नंतरचा असेल तर तोंड बघून लेलँड का एईसी ठरवू नका, एमचं नाव शोधा किंवा एईसीचा निळा त्रिकोण.

बिल्ल्यांतले प्राणी पण बघून घ्या. मॅकचा बुलडॉग १९३२ ला त्यांच्याच इंजिनिअरने, आल्फ्रेड मॅसुरीने, हॉस्पिटलात पडल्या पडल्या कोरला. कुत्रा सोनेरी असेल तर इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं मॅकचंच, चंदेरी असेल तर काहीतरी बाहेरचं आहे. स्कॅनियाचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा काल्पनिक सिंह, आणि नाव "स्कॅनिया-व्हाबिस" असं जोडनाव असेल तर १९६९ च्या आधीचा, कारण त्या साली साब या स्वीडिश कंपनीशी विलीनीकरण झालं आणि व्हाबिस गळालं. मॅन ट्रकवरचा सिंह मूळचा मॅनचा नाहीच, तो ब्युसिंग या दुसऱ्या जर्मन कंपनीचा, ब्राउनश्वाइग शहराचा सिंह, १९७१ ला मॅनने ब्युसिंग घेतली तेव्हा सिंह हुंड्यात आला. म्हणजे सिंह आहे पण ट्रक १९६० चा असेल तर तो ब्युसिंग. फ्रेंच बर्लिएवर रेल्वे इंजिनाचं तोंड असतं, रेल्वेशी त्यांचा संबंध एवढाच की सुरुवातीला एका अमेरिकन रेल्वे इंजिन कंपनीने त्यांचं लायसन्स विकत घेतलं, त्याची आठवण.

प्रश्न : आमच्याकडे एका जुन्या लष्करी ट्रकच्या कागदावर "जीएमसी सीसीकेडब्ल्यू" असं आहे. या अक्षरांना अर्थ आहे का? आणि रशियन-चिनी ट्रक अमेरिकन ट्रकसारखे का दिसतात?

उत्तर : पूर्ण अर्थ आहे. पहिला सी म्हणजे १९४१ चं डिझाइन, दुसरा सी म्हणजे नाकवाली केबिन, के म्हणजे पुढची चाकंही ओढणारी, डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही अ‍ॅक्सल ओढणारे. सहाच्या सहा चाकांना जोर, अडीच टन माल, पाच लाखांहून जास्त बनले. यात मागे जोडटायर असले तरी ते एकच चाक धरतात, म्हणून दहा टायरचा ट्रक असूनही ६ बाय ६. बऱ्याच जणांचा हिशेब इथेच चुकतो.

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात: महायुद्धात अमेरिकेने सोव्हिएत संघाला स्टुडबेकर ट्रक प्रचंड संख्येने पाठवले, आणि त्याआधीच १९३२ पासून फोर्ड एए वर बेतलेला गाझ-एए तिथे बनत होता. मग १९४७ चा झिस-१५०. झिस म्हणजे स्टालिनच्या नावाचा कारखाना, १९५६ ला ते नाव काढून कारखान्याच्या जुन्या डायरेक्टरचं, लिखाचोव्हचं नाव दिलं, झिसचं झिल झालं. बिल्ल्यावरचं शेवटचं एक अक्षर बदललं आणि आपल्याला तारीख फुकट मिळाली! आणि त्याच १९५६ मध्ये झिस-१५० चीनमध्ये जिएफांग सीए-१० म्हणून सुरू झाला, तो थेट १९८६ पर्यंत बनत होता. म्हणजे चेहऱ्यावरून १९४७ वाटणारा ट्रक १९८५ चा असू शकतो, सांभाळून.

प्रश्न : या विषयात नवीन आहे. सगळं एकदम वाचायला घेतलं आणि गोंधळ उडाला. कसं शिकू?

उत्तर : एक कंपनी धरा, एकच, आणि तिची वीस वर्षं. तेवढी मनात बसली की बाकीचे ट्रक "हा यासारखा नाही" म्हणून आपोआप वेगळे पडायला लागतात. फोटो काढताना समोरून एक काढून पळू नका. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, चाकाचे नट मोजता येतील असा जवळून, आणि पोटाखालून एक, हा पोटाखालचा कुणीच काढत नाही. खेळण्यातल्या मॉडेलवरून शिकू नका, तिथे पैसे वाचवायला एकाच चेसिसवर पाच तोंडं बसवलेली असतात. जुनी सर्व्हिस मॅन्युअल्स आणि सुट्या भागांचे कॅटलॉग मिळाले तर सोडू नका, रंगीत जाहिरातींपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक. कधी बाहेर जाणं झालं तर इंग्लंडात लेलँड गावातच व्यावसायिक वाहनांचं संग्रहालय आहे, अमेरिकेत आयोवात वॉलकॉटला एक ट्रक संग्रहालय आहे, आणि मॅकचं अ‍ॅलनटाउनला. जाताना जुनी पँट घाला.

आणि हो, ते आजोबांच्या फोटोवाले वाचक, एक विचारायचं राहिलं. फोटो उलटा करून बघितलात का? जुन्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेलं साल बरेचदा असतं. असेल तर कळवा, आणि आजोबांच्या गुडघ्यापाशी जे चाक दिसतंय त्याचे नट मोजून पाठवा.